वनातील पायवाटा : सामाईक संपत्तीची निगा आणि अधिकाराचा प्रश्न

वनसंपत्तीचा विचार करताना आपले लक्ष इमारती लाकूड, बांबू, तेंदूपाने, मोहफुले, औषधी वनस्पती आणि वन्यप्राणी यांच्याकडे जाते. या सर्वांपर्यंत माणसाला पोहोचवणारी पायवाट मात्र कोणत्याही हिशेबात येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नात तिची गणना होत नाही, गावाच्या मालमत्ता नोंदवहीत ती क्वचितच सापडते आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तर तिला स्थानच नाही. तरीही छत्तीसगडमध्ये किंवा गडचिरोलीत उन्हाळ्यातील तेंदू हंगामात पहाटे निघालेली कुटुंबे दुपारपर्यंत पानांचे ओझे घेऊन परततात ती याच वाटेने, आणि पुढे फडापर्यंत जातात तीही याच वाटेने. अलीकडच्या काळात या वाटांवर आणखी एक वर्ग मोठ्या संख्येने येऊ लागला आहे, तो म्हणजे पर्यटक व गिरिभ्रमण करणारा नागरिक.

आम्ही राहतो त्या भिलाईच्या नेहरू नगरसारख्या आखीव वसाहतीत सकाळी फिरायचे रस्ते आणि उद्याने महानगरपालिकेच्या अखत्यारीत असतात. त्यांची निगा करांच्या उत्पन्नातून होते आणि ती झाली नाही तर कोणाकडे तक्रार करावी हे नागरिकांना ठाऊक असते. वनातील पायवाटेच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे अस्पष्ट आहेत. निगा कोणी करावी, खर्च कोणी सोसावा आणि निर्णय कोणी घ्यावा, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. लोकसहभागाविषयीच्या बहुतेक लेखनात पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘श्रमदान’ असे दिले जाते आणि उरलेले दोन प्रश्न तसेच राहतात. प्रस्तुत लेखात तिसऱ्या प्रश्नावर भर दिला आहे. निर्णयाचा अधिकार नसेल तर श्रम टिकत नाहीत, असे उपलब्ध अनुभवावरून दिसते.

पायवाट झिजते कशी?

पायवाट माणसांच्या पायांनी झिजते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पाय माती दाबतात. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. न मुरलेले पाणी वाटेवरूनच वाहू लागते. खरी धूप हे वाहते पाणी करते. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली उतरत असेल तर दोन-चार पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो, झाडांची मुळे उघडी पडतात, दगड सुटे होतात. चालणारा माणूस मग साहजिकच कडेने चालू लागतो. कडेची माती दबते, वाट रुंदावते आणि कालांतराने एका वाटेच्या शेजारी दुसरी, तिसरी वाट उमटते. सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे ही प्रक्रिया किती वेगाने होत असेल याची कल्पना करता येईल.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. वाट समतल रेषेला धरून वळणावळणाने नेणे, ठरावीक अंतरावर आडवे चर काढून पाणी बाजूला वळवणे, तीव्र चढावर दगडी पायऱ्या बसवणे, समांतर फुटलेल्या वाटांवर काटेरी फांद्या टाकून त्या बंद करणे, एवढीच ही कामे आहेत. घाटवाटा राखणाऱ्या आपल्या पूर्वजांना ती अवगत होती. मात्र ती वेळेवर व्हावी लागतात. चर पावसाळ्यापूर्वी साफ झाला नाही तर तो असून नसल्यासारखाच. एका चराला लागणारे अर्ध्या दिवसाचे श्रम वेळेवर मिळाले नाहीत, तर पुढे वाहून गेलेली माती कोणत्याही खर्चाने परत आणता येत नाही.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. वनस्पतींवरील तुडवणुकीच्या अभ्यासांत असे आढळते की, अस्पर्श जमिनीवर सर्वाधिक हानी पहिल्या काही पावलांनीच होते. त्यानंतर वाढणाऱ्या प्रत्येक पावलाची हानी तुलनेने कमी असते. म्हणून ‘गर्दी सर्वत्र विखुरली तर भार हलका होईल’ हा सामान्यज्ञानाचा निष्कर्ष वनात चुकतो. थोड्या वाटा, पण पक्क्या आणि नीट राखलेल्या, हे धोरण अधिक योग्य ठरते.

पायवाटेचे आर्थिक स्वरूप

वस्तूंचे वर्गीकरण दोन कसोट्यांवर केले जाते. एकाच्या उपभोगामुळे दुसऱ्याचा उपभोग घटतो काय, आणि एखाद्याला उपभोगापासून वगळणे शक्य आहे काय? दिवसाला दहा-वीस माणसे चालतात तोवर वनातील पायवाट ही जवळजवळ शुद्ध सार्वजनिक वस्तू असते. चालणाऱ्यांची संख्या वाटेच्या क्षमतेपलीकडे गेली की पहिल्या कसोटीचे उत्तर बदलते. गर्दी होते, लोक वाटेबाहेर पडतात, माती सुटते. वगळणे मात्र अवघडच राहते, कारण वनात शिरण्याचे मार्ग अनेक असतात. अशा वेळी ती सामाईक संसाधन बनते. प्रवेशाचा एकच मार्ग ठेवून तेथे शुल्क घेतले, तर तीच वाट जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या क्लब सिद्धांतातील वस्तूच्या जवळ जाते. म्हणजे वर्गीकरण वस्तूच्या अंगी कायमचे चिकटलेले नसते. वापराची तीव्रता आणि व्यवस्थेची रचना यांनुसार ते बदलते. परीक्षेत हा मुद्दा सहसा विचारला जात नाही, पण उत्तराला वजन याच मुद्द्याने येते.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणांच्या शोकांतिकेची मांडणी केली. सामाईक ते सर्वांनी ओरबाडायचे, म्हणून एकतर खासगी मालकी किंवा शासकीय नियंत्रण, असा त्याचा अर्थ धोरणकर्त्यांनी घेतला. मन्सर ओल्सन यांनी त्यापूर्वी १९६५ मध्येच दाखवले होते की, मोठ्या समूहात प्रत्येकाला फुकट लाभ घेण्याचा मोह होतो आणि सामूहिक काम उभे राहत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात मात्र स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील ग्रामवने आणि स्पेनमधील सिंचन व्यवस्था यांचा आधार घेऊन सिद्ध केले की, स्थानिक समूह शतकानुशतके सामाईक संसाधन सांभाळू शकतात. २००९ मध्ये अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांनी सांगितलेली आठ तत्त्वे विद्यार्थी पाठ करतात, परंतु त्यांतील सातव्या तत्त्वाकडे पुरेसे लक्ष जात नाही. ते असे की, आपले नियम आपण करण्याचा समूहाचा अधिकार बाहेरील सत्तेने मान्य केला पाहिजे. त्याचे महत्त्व पुढील उदाहरणांवरून कळेल.

कास पठार : शुल्क, मर्यादा आणि समिती

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कास पठार हे झाडांचे वन नव्हे. जांभ्याच्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फुलणारी रानफुले, असे त्याचे रूप आहे. तथापि ते वनविभागाच्या ताब्यातील क्षेत्र असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांपैकी एक आहे. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीपासून दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पतींपर्यंत अनेक प्रजाती येथे आढळतात. पावलाखाली काय चिरडले जात आहे हे सामान्य पर्यटकाला ठाऊक नसते, आणि मातीचा थर इतका पातळ की चुकीच्या पावलाची भरपाई लवकर होत नाही.

जागतिक वारसा मान्यतेनंतर गर्दी अफाट वाढली. पठाराभोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे हंगामातील व्यवस्था आली. प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरवण्यात आली. गावातील तरुण-तरुणी पहारेकरी, मार्गदर्शक व वाहनतळ व्यवस्थापक म्हणून हंगामी रोजगार करू लागल्या. पर्यटकांनी फुलांत न शिरता आखलेल्या वाटांवरूनच चालावे यासाठी शिट्टी घेऊन उभी राहणारी व्यक्ती ही शेजारच्याच गावची असते. कुमुदिनी तलावाकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावरही पायी फिरता येते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे विचारावे की, शुल्क असताना संख्येची मर्यादा कशासाठी? गर्दीचा बाह्य परिणाम शुल्काद्वारे वसूल करता आला असता. याचे उत्तर मार्टिन वाइट्झमन यांच्या १९७४ च्या विवेचनात सापडते. हानीचा आलेख एका बिंदूनंतर एकदम उभा चढत असेल, तर किमतीपेक्षा संख्येवरील नियंत्रण सुरक्षित ठरते. शंभर-दीडशे रुपयांचे शुल्क शेकडो किलोमीटरवरून आलेल्या कुटुंबाच्या एकूण खर्चात नगण्य असते. सुट्टीच्या दिवशीची मागणी त्याने फारशी घटत नाही. वाट ओसंडून लोक फुलांत उतरले की हानी मात्र लगेच होते. म्हणून शुल्क हे निगेच्या खर्चासाठी आणि मर्यादा ही संरक्षणासाठी, अशी ही विभागणी आहे. अनेक शासकीय अहवालांत या दोहोंची गल्लत होते.

कासच्या व्यवस्थेतही उणिवा आहेत. पठाराला कुंपण घातल्याने गुरांची चराई थांबली आणि गवत वाढून फुलांना जागा उरेनाशी झाली, असा आक्षेप घेतला गेला. पिढ्यान्‌पिढ्या गुरे घेऊन पठारावर जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगता आली असती. पण समितीचा जन्म केंद्र शासनाच्या १ जून १९९० च्या परिपत्रकातून सुरू झालेल्या संयुक्त वन व्यवस्थापनात आहे. या रचनेत गावाकडे कामाची जबाबदारी आणि उत्पन्नाचा वाटा येतो. जमिनीविषयीचा अंतिम निर्णय वनविभागाकडे राहतो. परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने काढूनही घेता येते.

माथेरानची माती

वाटेवर अनेकांचे पोट अवलंबून असले की प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो हे माथेरानमध्ये दिसते. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रकाशात आणले. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे दाट झाडीतून लाल मातीचे रस्ते निरनिराळ्या ‘पॉइंट’कडे जातात. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. घोड्यांच्या टापांनी आणि पावसाने लाल माती सुटते, उन्हाळ्यात तिची धूळ होते. ती रोखण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसवू लागताच घोडेवाल्यांनी हरकत घेतली, कारण त्यांवरून घोडे घसरतात. शिवाय पक्का रस्ता झाला की मागोमाग वाहन येते, ही भीती होतीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉकना मुभा दिली, अंतर्गत रस्त्यांवर ते बसवू नयेत असे सांगितले, आणि माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांसाठी ई-रिक्षाची योजना आखण्याचा आदेश दिला.

हातरिक्षेविषयीचा निर्णय मानवी प्रतिष्ठेचा होता आणि तो बऱ्याच उशिरा आला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. परंतु कोणत्या वाटेवर माती ठेवावी आणि कोठे ब्लॉक बसवावेत, हे ठरवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ जावा, याचा अर्थ घोडेवाले, रिक्षाचालक, हॉटेलवाले आणि रहिवासी यांना एकत्र बसवून तंटा मिटवील अशी स्वस्त व जवळची यंत्रणा तेथे प्रभावी नव्हती. ऑस्ट्रॉम यांचे सहावे तत्त्व नेमके हेच आहे.

टेकडीवर पाणी नेणारे नागरिक

पुण्यात वेताळ टेकडी आणि तिच्याशी जोडलेल्या टेकड्यांवर रोज पहाटे मोठ्या संख्येने नागरिक चालायला जातात. त्यांतील अनेकजण उन्हाळ्यात रोपांना पाणी घालतात, कचरा उचलतात, वणवा दिसल्यास विझवायला धावतात. शहरी मध्यमवर्गाने चालवलेले हे काम कौतुकास्पद आहे. ओल्सन यांच्या सिद्धांताप्रमाणे एवढ्या मोठ्या समूहात ते उभेच राहायला नको होते. ते राहिले, कारण रोज त्याच वेळी भेटणाऱ्यांचे लहान लहान गट तयार झाले आणि लहान गटात कोण काम करतो व कोण नुसता गप्पा मारतो हे लपत नाही.

तरीही दोन मर्यादा स्पष्ट आहेत. एक ज्ञानाची. टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ व झुडपी आहे. तेथे गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड पूर्वी मोठ्या प्रमाणावर झाली, आणि झाड लावले म्हणजे टेकडी सुधारली ही समजूत आजही प्रबळ आहे. गवताळ जमिनीवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांना व कीटकांना त्याची किंमत मोजावी लागते. दुसरी मर्यादा अधिकाराची. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहिला. तो टेकडीला बाधक ठरेल म्हणून २०२३ मध्ये नागरिकांनी मोठा मोर्चा काढला. ज्यांनी वर्षानुवर्षे टेकडी राखली त्यांना रस्ता हवा की नको याविषयी फक्त हरकत नोंदवता येते, न्यायालयात जाता येते, मोर्चा काढता येतो. निगा राखणाऱ्याचा निर्णयात वाटा असावा अशी कोणतीही तरतूद त्यांच्यासाठी नाही.

कायद्यातील पायवाट

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वाटेचा उल्लेख आहे, तो मुख्यतः ती बंद करण्याच्या संदर्भात. कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक वा खासगी वाट शासनाच्या पूर्वमंजुरीने वनाधिकारी बंद करू शकतो. अट एवढीच की, पुरेशी सोयीची पर्यायी वाट अस्तित्वात असावी किंवा करून दिलेली असावी. ही सोय पुरेशी आहे की नाही हे ठरवणारे शासनच. वाट वापरणाऱ्याला विचारण्याची तरतूद त्या कलमात नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. कलम ३(१)(झ) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला, आणि कलम ५ ने ग्रामसभेला प्रवेशाचे नियमन करण्याचा अधिकार दिला. कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. या यादीत रस्ता आहे, पायवाट नाही. पायवाटेसाठी जमीन वळवावी लागत नाही, हे त्याचे सरळ कारण. पण याचा व्यावहारिक परिणाम असा की, गावाला निधी मिळवायचा तर रस्ता मागावा लागतो. पायवाटेची दुरुस्ती मागता येत नाही. दुसरीकडे, वन संवर्धन अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मंजूर कार्य आयोजनेत अंतर्भूत पर्यावरणीय पर्यटनाच्या सुविधांना वनेतर वापराच्या व्याख्येतून वगळले आहे. उद्या एखाद्या वाटेच्या कडेला तंबू आणि उपाहारगृह उभे राहायचे असेल, तर निर्णय कोणत्या आराखड्यात झाला हे यापुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे.

ग्रामसभेच्या हाती वन

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेला मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. येथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि तत्पूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. सर्वसहमतीला वेळ लागतो. पण एकदा ठरलेला नियम मोडणारा शेजाऱ्यांनाच उत्तर देतो, त्यामुळे देखरेखीचा खर्च कमी होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, निर्णयखर्च वाढवून अंमलबजावणीचा खर्च घटवलेला आहे.

आमच्या छत्तीसगडमध्ये धमतरी जिल्ह्यातील जबर्रा गावाला २०१९ मध्ये पाच हजार हेक्टरहून अधिक वनावर सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला. औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या वनात गावचे तरुण पाहुण्यांना पायी हिंडवतात. कासप्रमाणे येथेही रोजगार पायवाटेतूनच येतो. फरक असा की वनाचे नियम ठरवण्याचा हक्क कायद्याने ग्रामसभेचा आहे. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पाहुण्यांना अमुक वाटेने न्यायचे नाही, असे ठरवायचे तर ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.

वाटेचा आणखी एक उपयोग आहे. उन्हाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंचा पाचोळा झाडून घेतला की पायवाट जाळरेषेचे काम करते. मोह वेचण्याची सोय व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत मध्य भारतात जुनी आहे आणि अनेक वणवे त्यातून भडकतात. ज्या गावाच्या वाटा स्वच्छ, तेथे ठिणगी एका पट्ट्यापुरती मर्यादित राहण्याची शक्यता वाढते. हा लाभ कोणत्याही पर्यटन शुल्काच्या हिशेबात दिसत नाही.

बाहेरील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पायवाटेची कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडली, ती १९३७ मध्ये पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणाऱ्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या या वाटेची निगा तीसएक स्वयंसेवी मंडळे राखतात. प्रत्येक मंडळाकडे ठरावीक लांबीचा तुकडा असतो. १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने जमिनीचे संरक्षण संघराज्य सरकारने घेतले, परंतु निगेचे काम करारान्वये मंडळांकडेच राहिले. हार्डिन यांचा निबंध त्याच वर्षीचा, हा योगायोग मनोरंजक आहे. तेथील मंडळे मात्र हौशी चालणाऱ्यांची आहेत. वाटेवर ज्यांची उपजीविका आहे अशा गावांची नव्हेत. त्यामुळे ती रचना पुण्याच्या टेकड्यांना उपयोगी पडेल, जबर्राला तशीच्या तशी नव्हे.

आराखड्यातील एक पान

२०१२ मध्ये सुधारलेल्या वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने सामूहिक वनसंपत्तीचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करावयाचा असतो आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडावयाचा असतो. जोडताना लागणारे बदल समितीला आवश्यक वाटतील तेवढेच करावयाचे असतात. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या दुरुस्तीचा विचार करता या तरतुदीला नवे मोल आले आहे. अशा आराखड्यात पायवाटांसाठी एक स्वतंत्र पान असावे, असे आम्ही सुचवतो. त्यात प्रत्येक वाटेचे गावात प्रचलित असलेले नाव, लांबी व चढ, आडव्या चरांच्या जागा, चर साफ करण्याचा महिना व जबाबदार टोळी, पावसाळ्यात बंद ठेवावयाच्या वाटा, मोह-तेंदूच्या हंगामात केवळ गावकऱ्यांसाठी राखीव वाटा, दिवसाकाठी पाहुण्यांची कमाल संख्या आणि शुल्कातून पावसाळ्यापूर्वीच्या मजुरीसाठी बाजूला ठेवावयाचा हिस्सा यांची नोंद करता येईल. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण कासचे उत्पन्न येते सप्टेंबरात आणि चर साफ करायचे असतात मे महिन्यात.